उमराण्यांच्या डाव्या गुडघ्याचं शुभमंगल

गुंडोपंत उमराणी यांचा डावा गुडघा चैत्रात तेवीस वर्षांचा झाला, आणि आपल्या घरात लग्नाचं पोर आहे हे कुमुदताईंच्या ध्यानात आलं. बाकीचे गुंडोपंत बहात्तर वर्षांचे होते आणि त्यांचं लग्न कुमुदताईंशी पूर्वीच झालेलं होतं, त्यामुळे त्यांच्याविषयी काळजीचं कारण नव्हतं.

सांगलीच्या गावभागात अशा गोष्टी फार दिवस झाकून राहत नाहीत. सगळ्यांत आधी दूधवाल्यानं ओळखलं. पंत जिना उतरतात तेव्हा एक पाय आजोबांचा वाजतो आणि एक नातवाचा, असं तो म्हणाला आणि दूध मापून निघून गेला. शेजारच्यांनी पेढे मागितले. कुमुदताईंनी दिलेही, पण त्यांचा जीव काही त्या पेढ्यांत नव्हता.

त्याचं कारण समजायला थोडं मागं जावं लागेल. गुंडोपंत मोजणी खात्यात होते. उभी हयात त्यांनी जिल्ह्यातले बांध तुडवत, साखळी ओढत काढली. चालणं म्हणजे पुढं चालणं, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. लग्नानंतर नवी जोडी गणपतीच्या दर्शनाला निघाली तेव्हा ते चार हात पुढं होते आणि कुमुदताई मागं. पुरुषानं पुढं आणि बाईनं मागं चालायचं, ही तेव्हाची रीतच होती. तिला कोणी रीतसुद्धा म्हणत नव्हतं. पण इतर नवरे गल्लीच्या तोंडाशी थांबून मागं वळून तरी बघत. गुंडोपंतांना ती गरज भासली नाही. बाजार, बारशी, नाटक-सिनेमा, कुणाचा दहावा, सगळीकडे कुमुदताई नवऱ्याच्या पाठीमागून पोचल्या. गर्दीत नवऱ्याला त्या तोंडावरून नव्हे, पाठीवरून ओळखत.

पुढं बांधांनी उट्टं काढलं. नोकरी संपली आणि पंतांचे गुडघे बोलू लागले, त्यातही डावा फार. चाल मंदावली. दोघं संध्याकाळी आयर्विन पुलावर फिरायला जात. तिथं एके दिवशी कुमुदताईंना उजवीकडे कुणीतरी चालतंय असं वाटलं, म्हणून त्यांनी पाहिलं, तर ते गुंडोपंत होते. त्या चांगल्याच दचकल्या. त्यानंतर सहा वर्षं ती दोघं त्या पुलावर रोज बरोबरीनं चालली. गुंडोपंत कण्हत, कुंथत, मोजणी खात्याला शिव्या देत. कुमुदताईंचाही उजवा गुडघा तोवर कटकट वाजू लागला होता. त्या दोघांच्या गुडघ्यांना तेल चोळत, निर्गुडीचा शेक देत, आणि तोंडानं ‘लवकर बरं वाटू दे हो देवा’ म्हणत. मनात मात्र, हा मेला गुडघा आहे तस्सा राहू दे, असं त्यांना वाटे. बायकोनं असं वाटून घेणं बरं नव्हे, हे त्यांना कळत होतं. पण ती सहा वर्षं त्यांच्या संसारातली सगळ्यांत सुखाची होती, आणि खरं ते सांगायलाच हवं.

अशात ज्येष्ठ नागरिक संघात मिरजेच्या डॉ. सौंदत्त्यांचं व्याख्यान झालं. म्हातारपण ही शरीराला लागलेली एक सवय आहे आणि स्टेम सेलनं ती मोडता येते, असं ते म्हणाले. माणसाच्या अंगात काही मूळपेशी अशा असतात की त्यांनी अजून काय व्हायचं ते ठरवलेलं नसतं. त्यांना चांगली संगत दिली तर त्या वाटेल ते होतात. हे ऐकून गुंडोपंत घरी आले ते ठरवूनच आले. कुमुदताईंनी जाऊ दे हो, कशाला या वयात, असं म्हणून पाहिलं. पण नवऱ्याचं दुखणं जाऊ नये असं बायको किती वेळ म्हणणार?

उपचार साधा होता. पंतांच्या कमरेच्या हाडातून थोड्या पेशी काढल्या, त्या मिरजेला यंत्रात वाढवल्या, आणि पाडव्याचा मुहूर्त साधून डाव्या गुडघ्यात सोडल्या. आख्खे गुंडोपंतच का नाही तरुण करून टाकत, असं संघातल्या कुणीसं विचारलं होतं. त्यावर डॉक्टरांनी सांगितलं, की आपण एका माणसाचा एका वेळी एकच अवयव घेतो. सगळं अंग एकदम तरुण झालं की त्याला वळण लावायला वडीलधारं कुणी उरत नाही, असा त्यांचा अनुभव होता. हे कुमुदताईंनाही पटलं.

आठवडाभर गुडघा शहाण्यासारखा वागला. मग त्याला तारुण्य फुटलं. सकाळी पंत डोळे उघडायच्या आत तो पलंगाखाली उतरलेला असे, आणि बाकीच्या पंतांना लेंगा सावरत त्याच्यामागून जावं लागे. जिन्याच्या तो दोन-दोन पायऱ्या घेई. उजवा गुडघा बहात्तरचा. तो बिचारा प्रत्येक पायरीला रामाचं नाव घेई. गल्लीत पोरं क्रिकेट खेळत असली की डावा जागचा हलत नसे. तालमीच्या कट्ट्यावर बसायची त्याला गोडी लागली. कट्ट्यावर नुसता गुडघा कसा बसणार, म्हणून गुंडोपंतही बसत. घरी आल्यावर कुमुदताईंनी विचारलं, तर ‘मी काय करू? तो ऐकत नाही’ असं सांगत. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर वरून तक्रार असे आणि आतून कौतुक. कर्तबगार पोरांच्या बापांचा चेहरा असाच असतो, आणि उनाड पोरांच्या बापांचाही.

हे सगळं कुमुदताईंनी चालवून घेतलं असतं. एक मुलगा, सुहास, वाढवला होता, दुसरा वाढवायला काय हरकत होती? पण संध्याकाळचं काय? पुलाच्या तोंडाशी पोचलं की डावा गुडघा सुटायचाच. गुंडोपंत त्याच्यामागून फरफटत जायचे, आणि बघता बघता पुलाच्या मध्यावर त्यांची पाठ दिसू लागायची. तीच ती पाठ. फक्त आता तिला जरा पोक आलं होतं. पहिले काही दिवस कुमुदताईंनी पाय उचलून पाहिला. त्यांचा उजवा गुडघा कटकट करून थकला. मग त्या पुलाच्या अलीकडेच कठड्याला टेकून थांबू लागल्या. पुढं पुढं, कणीक भिजवायची आहे असं सांगून घरीच राहू लागल्या. कणीक पाच मिनिटांत भिजे. मग त्या खिडकीत बसून रडत. कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण नवऱ्याचा गुडघा बरा झाला म्हणून रडणाऱ्या बाईला काय म्हणायचं, हे गावभागात अजून ठरलेलं नव्हतं.

शेवटी पंत कट्ट्यावर गेलेले पाहून त्या एकट्याच मिरजेला डॉक्टरांकडे गेल्या. गुडघा पुन्हा पहिल्यासारखा करता येईल का, असं त्यांनी विचारलं. डॉ. सौंदत्त्यांनी मान हलवली. म्हातारं तरुण होतं. तरुण म्हातारं व्हायला काळच जावा लागतो, त्याला आमच्याकडे उपाय नाही, असं ते म्हणाले. मग त्यांनी कुमुदताईंचं सगळं गाऱ्हाणं नीट ऐकून घेतलं.

“काकू,” ते म्हणाले, “तुमच्या घरात तेवीस वर्षांचा मुलगा असता, कट्ट्यावर बसणारा, कुणाचं न ऐकणारा, तर तुम्ही काय केलं असतं?”

“लग्न लावून दिलं असतं.”

“मग झालं की.” आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. तो जयसिंगपूरचा एक व्यापारी होता. त्याच्या भुवया अठरा वर्षांच्या झाल्या होत्या आणि त्यांना शिकायला पुण्याला ठेवावं का, हे विचारायला तो आला होता.

कुमुदताई परत आल्या त्या हलक्या मनानं. लग्न झालं की पोरगं ताळ्यावर येतं, हे वाक्य म्हटलं गेलं नाही असं घर आपल्याकडे सापडायचं नाही. ते किती खरं ठरतं हे कुणी मागं वळून तपासत नाही. खुद्द कुमुदताईंना त्यांच्या सासूबाईंनी ह्याच कामासाठी करून आणलं होतं.

गावभागात सिंधूताई कित्तूर वधूवर मंडळ चालवत. कितीतरी अवघड स्थळं त्यांनी उजवली होती, त्यामुळे गुडघा म्हटल्यावर त्यांची भुवईसुद्धा हलली नाही. गोत्र कुठलं, असं त्यांनी विचारलं. पेशी कमरेतल्या, कमर उमराण्यांची, तेव्हा गोत्र उमराण्यांचंच, असं ठरलं. पत्रिकेसाठी इंजेक्शनची वेळ धरली. गुरुबळ उत्तम निघालं. नोकरी नाही, पण स्वतःचं घर आहे, व्यसन नाही, घरात एकटा उजवा गुडघा काय तो मोठा. उंचीपाशी सिंधूताई अडल्या. मग ‘बांधा सुबक’ असं म्हणून त्यांनी तो प्रश्न सोडवला.

महिन्याभरात स्थळ आलं. कोल्हापूरच्या निवृत्त मुख्याध्यापिका प्रभावती हेर्लेकर यांचा उजवा गुडघा. मुलगी एकवीस वर्षांची. डॉ. सौंदत्त्यांच्याच हातची.

कुमुदताईंनी पोहे केले, वर ओलं खोबरं घातलं, बाजूला भडंगाची बशी ठेवली. गुंडोपंत इस्त्रीचा लेंगा घालून बसले होते आणि मुलाच्या बापाला शोभेल अशा बेतानं पावसापाण्याचं बोलत होते. हेर्लेकरबाई वेळेवर आल्या. जिना चढताना मुलगी एकदाही अडखळली नाही, हे कुमुदताईंनी आणि सिंधूताईंनी एकदमच टिपलं. बाईंनी पातळ किंचित वर घेतलं, मुलगी दाखवली, पुन्हा सोडलं. सगळं अगदी मर्यादेनं झालं. मुलगी खरोखरच देखणी होती.

मग बाई मुद्द्यावर आल्या. मुख्याध्यापिका होत्या, त्यांनी आडपडदा ठेवला नाही. मुलगी एकत्र कुटुंबात राहायला तयार नव्हती. इकडे बहात्तर वर्षांचा उजवा गुडघा आहे, त्याचं सगळं पुढं तिच्यावरच येणार, शिवाय वर कंबर आहे, मणका आहे, असं एवढं मोठं खटलं सांभाळायला आपण तिला तरुण केलेलं नाही, असं बाई म्हणाल्या. कुमुदताईंना ह्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्या वेळी असं बोलता आलं असतं तर, असंही एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं. वेगळं राहण्याविषयी विचार करू, असं गुंडोपंत म्हणाले. कसं राहणार, हे कुणी विचारलं नाही. बोलणी ह्या टप्प्यावर असताना तपशिलात शिरत नाहीत.

“मुलाला काही विचारायचं असेल तर विचारू दे की,” सिंधूताई म्हणाल्या.

तेव्हा गुडघा पहिल्यांदा बोलला. आवाज गुंडोपंतांचाच होता, पण लग्नाआधीचा. कुमुदताईंच्या हातातली बशी तशीच राहिली. हा आवाज त्यांनी आयुष्यात एकदाच ऐकला होता. त्यांना बघायला आले तेव्हा ह्याच आवाजात गुंडोपंतांनी त्यांना विचारलं होतं, तुम्हाला चालायला आवडतं का. त्या हो म्हणाल्या होत्या.

“मुलगी चांगली आहे,” गुडघा म्हणाला. “पण माझं मन दुसरीकडे आहे.”

कुठं, असं गुंडोपंतांनी विचारलं. त्यांचा आवाज थोडा चढला होता.  घरातलीच आहे, असं म्हणून गुडघ्यानं कुमुदताईंच्या उजव्या गुडघ्याचं नाव घेतलं.

हेर्लेकरबाई रागावल्या नाहीत. हे आधी कळलं असतं तर बसची खेप वाचली असती, एवढंच त्या म्हणाल्या, आणि पोहे संपवून, थोडं भडंग बांधून घेऊन गेल्या. उतरताना त्यांच्या मुलीनं दोन-दोन पायऱ्या घेतल्या.

कुमुदताईंनी मात्र ह्या सोयरिकीला साफ नकार दिला. मुलगा तेवीसचा आणि मुलगी सहासष्टची, हे कुठल्या शास्त्रात बसतं? लोक शेण घालतील तोंडात. वर आपणच मुलाची आई आणि आपल्याच अंगातली सून. उद्या जिन्यात तिनं कटकट केली तर बोलायची सोय नाही, आणि न बोलावं तर ती शेफारणार. गुंडोपंतांनीही बापाच्या नात्यानं गुडघ्याला समजावून पाहिलं. तो दोन दिवस वाकलाच नाही. पंतांना जेवायला एक पाय लांब करून बसावं लागलं.

सुहासला ऑस्ट्रेलियात फोन लावला. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं. गुडघ्याला बाबा म्हणायचं की दादा, एवढंच त्यानं विचारलं. तेवीस म्हणजे तुझ्यापेक्षा लहान, त्याला अरे-तुरे कर, असं कुमुदताईंनी सांगितलं. मग धाकट्याच्या मनासारखं होऊ दे, असं तो म्हणाला आणि त्याची मीटिंग सुरू झाली.

डॉ. सौंदत्त्यांना तर हा पेच वाटलाच नाही. काकूंचा गुडघाही करून टाकू, एकवीसचा, म्हणजे जोडा अनुरूप होईल, असं त्यांनी सुचवलं. कमरेतून पेशी काढायची तारीखसुद्धा त्यांनी दिली.

कुमुदताई आशेला लागल्या. त्यांना वाटलं, आता आपणही धावू. पुलावरून त्यांच्या बरोबरीनं, अगदी त्यांच्याही पुढं. त्या आनंदातच त्या संध्याकाळी तेलाची वाटी घेऊन बसल्या. डाव्याला आता तेलाची गरज नव्हती, पण सवय होती. गुंडोपंत खुर्चीत डोळे मिटून बसले होते. कुमुदताईंनी तेल चोळत गुडघ्याला सांगितलं, की आता तुझी नवरी तुझ्यासारखीच होणार बघ, एकवीस वर्षांची.

“नको,” गुडघा म्हणाला.

“का रे?”

“ती एकवीसची झाली तर मला ओळखायची कशी? एकविसाव्या वर्षी आम्ही बरोबर चाललोच नाही.”

कुमुदताईंचा हात थांबला. गुडघा त्याच त्या लग्नाआधीच्या आवाजात सांगत राहिला. जन्म पाडव्याचा असला, तरी आपण मूळचे ह्याच घरचे, कमरेत बसून सगळं बघत होतो. तिचा कटकट आवाज आपण पहिल्यांदा ऐकला तो पुलावर, सहा वर्षांपूर्वी. त्याआधी ती कायम मागंच असायची, ऐकू येत नव्हती. आपल्याला तीच हवी, वाजणारी. मग तू सुसाट पुढं का धावतोस, असं कुमुदताईंनी विचारलं. त्यावर तो म्हणाला, की ह्या घरच्या पुरुषांनी कसं चालायचं हे त्यानं जे पाहिलं तेच तो करतो. दुसरं कुणी शिकवलं नाही.

गुंडोपंत जागे होते. त्यांनी डोळे उघडले, कुमुदताईंकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ ते स्वतःच्या पावलांकडे बघत बसले. थोड्या वेळानं त्यांनी तेलाची वाटी आपल्याकडे ओढली आणि कुमुदताईंच्या उजव्या गुडघ्याला तेल चोळायला घेतलं. त्यांना ते नीट जमलं नाही. अर्धं तेल लुगड्याला लागलं. मुलीचं मत विचारायला हवं होतं, म्हणून कुमुदताई मुद्दाम उठून उभ्या राहिल्या. गुडघा वाजला नाही. मुली अशा वेळी बोलत नाहीत, गप्प राहिल्या की हो समजायचं असतं.

नागेशगुरुजींनी फक्त एकच अडचण काढली, पण ती खरी होती. कुमुदताई लग्न होऊन उमराण्यांच्या गोत्रात आल्या होत्या, त्यांच्याबरोबर त्यांचा गुडघाही आला होता. म्हणजे हे लग्न सगोत्र होत होतं, आणि सगोत्र विवाह गुरुजी लावणार नव्हते. त्याला तोडही त्यांनीच काढली. मुलगी आधी दुसऱ्या गोत्रात दत्तक द्यावी. मग बेळगावहून कुमुदताईंचे भाऊ आणि भावजय आले. भावानं पाटावर बसून बहिणीचा उजवा गुडघा मांडीवर घेतला, गुरुजींनी मंत्र म्हटले, आणि गुडघा माहेरच्या गोत्रात गेला. भावाचे डोळे भरून आले. त्याला मुलगी नव्हती.

लग्न घरच्या घरी, वैशाखातल्या शेवटच्या मुहूर्तावर झालं. बाशिंग गुडघ्याला बांधलं. एरवी ह्या शब्दांना लोक हसतात. त्या दिवशी कुणी हसलं नाही, कारण दुसरीकडे कुठं बांधणार होतं? वरमाईचे पाय धुवायला भावजय तांब्या घेऊन बसली तेव्हा कुमुदताईंनी दोन्ही पाय पुढं केले. उजवा पाय मुलीकडचा आहे, असं गुरुजींनी लक्षात आणून दिलं, तेव्हा डावाच धुतला. डॉ. सौंदत्ते सहकुटुंब आले होते. सिंधूताईंनी रुखवतात दोन विणलेले गुडघेपट्टे मांडले होते. सप्तपदीला एकेका पावलाला गुंडोपंतांना थांबावं लागलं, कारण नवरीला पाऊल उचलायला वेळ लागत होता. ते थांबले. सातव्या पावलानंतर गुरुजींनी वधूला वराच्या डाव्या अंगाला घेतलं, आणि पंतांच्या डाव्या गुडघ्याभोवतीचं उपरणं व कुमुदताईंच्या उजव्या गुडघ्याभोवतीचा शेला यांची गाठ मारली.

देवदर्शन होईपर्यंत ही गाठ सोडायची नसते. म्हणून दोघं तशीच गणपतीला गेली, तीन पायांवर, मधला पाय दोघांचा मिळून. पहिल्यांदा डाव्यानं सवयीनं उसळी घेतली, आणि कुमुदताई पडता पडता वाचल्या. तो जागच्या जागी थांबला. पुन्हा त्यानं तसं केलं नाही.

घरी आल्यावर गाठ सोडायची वेळ आली. उमराण्यांच्या घरात ती वराच्या सख्ख्या बहिणीनं सोडायची चाल आहे. गुडघ्याला सख्खी बहीण नव्हती. पंतांची धाकटी बहीण विटा गावाहून आली होती आणि हात पुढं करत होती. पण ती गुडघ्याची आत्या, आणि आत्यानं सोडलेली गाठ चालत नाही. गुरुजींनी पंचांग बाजूला ठेवलं, दक्षिणेचं पान उचललं, आणि मग राहू दे तशीच, असं म्हणाले.

ती तशीच आहे. अंघोळीला आणि झोपताना दोघं आपापल्या पायातून वेढा काढतात आणि गाठीसकट उपरणं-शेला खुंटीला अडकवतात. सोडत मात्र नाहीत. संध्याकाळी चहा झाला की पंत खुंटीवरून ते काढून आणतात, आधी कुमुदताईंच्या पायात घालतात, मग आपल्या, आणि दोघं फिरायला निघतात. तालमीच्या कट्ट्यावरची पोरं त्यांना जागा करून देतात. नवी सून आहे, हळू चालते, हे सगळ्यांना माहीत आहे.

परवा पुलावर गार वारं होतं. कृष्णेला पाणी बरं होतं. डावा गुडघा नवरीच्या बेतानं पाऊल टाकत होता. मध्यावर आल्यावर कुमुदताईंना काहीतरी ऐकू आलं. आधी त्यांना वाटलं, खाली घाटावर कुणी म्हणतंय. मग त्यांनी मान वळवली. गुंडोपंत गुणगुणत होते. दुखत होतं तेव्हा ते कण्हायचे. हे निराळं होतं. चाल जुनी होती, शब्द नव्हते, आणि सूर चांगला होता.

“हे कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“गुणगुणणं.”

“चालताना होय? पहिल्यापासून,” गुंडोपंत म्हणाले. “साखळी ओढायला लागलो तेव्हापासूनच. रोजच की.”

कुमुदताई काही पावलं ऐकत चालल्या. पंचेचाळीस वर्षांचा संसार झाला होता.

“मग जरा मोठ्यानं म्हणा,” त्या म्हणाल्या.

गुंडोपंतांनी आवाज थोडा वाढवला, आणि चौघं जण पुलाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन परत आले.